साडेसहा वेढे

डाव्या हाताचं पहिलं बोट वर आणि मान खाली. हे दृश्य दिसलं की दुकानाच्या पायरीवरच थांबायचं, मग तुम्ही तहसीलदार असा नाहीतर भाऊंची स्वतःची बायको. बोट खाली येईपर्यंत शब्द काढायचा नाही. पाण्याच्या मोटरच्या खाचांतून तांब्याची तार ओवताना ते वेढे मोजत असत. मधे कोणी बोललंच तर न बघता म्हणत, "थांबा जी, मोजून राहिलो."

मी लाखनीला महामार्गालगतच्या एका धरमकाट्यावर काम करतो. धानाचे ट्रक काट्यावर चढतात, मी वजन टिपतो आणि पावती फाडतो. याला बावीस वर्षं झाली. काट्याच्या शेजारच्या गाळ्यात त्यांचं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान होतं. सगळे त्यांना भाऊ म्हणत, आणि ते मला बाबू म्हणत. चहा दोघांचा एकाच वेळी येई. अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस, पन्नासच्या आसपास नव्हे, असं मानणारी माणसं त्या रस्त्यावर आम्ही दोघंच होतो, असं माझं मत आहे.

एकसष्टाव्या वर्षी भाऊंचा उजवा हात थरथरायला लागला. तार तुटायची, पुन्हा पहिल्यापासून मोजणी. शेतकरी हळूहळू पलीकडच्या नव्या दुकानात जाऊ लागले. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, आता बारीक काम सोडा. मुलगी नागपूरहून रोज फोन करी, इकडे या. वहिनींनी तर भांड्यांची दोन पोती बांधूनही ठेवली होती. भाऊ म्हणत, "हात काय म्हणते ते डॉक्टरले काय मालूम? मी हाताले विचारतो."

हाताला विचारायची सोय एका लग्नाच्या फोटोवाल्याने करून दिली. त्याच्या ड्रोनची एक मोटर जळाली होती. बोराएवढी मोटर. भाऊंनी भिंगाखाली धरली आणि ओरडले, "बाबू, हे तं आपलीच थ्री फेज हाये! तीन वायरी. कोणत्याई दोन बदलल्या का उलटी फिरते!" केसासारखी तार नऊ वेळा तुटली. दहाव्या वेळी मोटर फिरली. त्या आनंदात ते फोनवर ड्रोन पाहत बसले आणि पाहता पाहता शर्यतीच्या ड्रोनपर्यंत पोचले.

तुम्हीही कधी पाहिलं असेल. चार पंख्यांचं लहानसं यंत्र गेटांमधून सुसाट जातं, आणि त्याला उडवणारा माणूस डोळ्यांवर डबा बांधून खुर्चीत बसलेला असतो. यंत्राच्या नाकावर कॅमेरा असतो, त्याला दिसतं ते डब्यात दिसतं. भाऊंना वेगाचं काही वाटलं नाही. त्यांनी पडद्यावरच्या त्या माणसाच्या बोटांवर बोट ठेवलं. "पाहा ना. धानाच्या दाण्याएवढा हात हालून राहिला. माझा हात जिवंत हाये का मेला, हे हेच यंत्र सांगन."

तिथेच त्यांनी स्वतःशी पैज लावली. तीन गेटं, एक फेरी, कुठेही न लागता. उन्हाळी धानाच्या रोवण्याआधी जमलं तर दुकान आणखी एक हंगाम चालवायचं. नाही जमलं तर शटरची चावी मालकाला आणि मुक्काम नागपूर.

"अन् निकाल तुमी द्याचा," ते मला म्हणाले. "तुमचा काटा खोटा बोलत नाई."

नवशिक्याने आधी संगणकावरच्या खेळात उडवायला शिकावं, असं जो तो सांगत होता. पावसाळ्यात तसंही मोटरचं काम नसतं. मुलीचा जुना लॅपटॉप दुकानात आला, त्याला रिमोट जोडला, आणि भाऊ दिवसभर पडद्यावरच्या झाडांवर आदळू लागले. हे यंत्र रिमोटवरची काडी सोडली की आपोआप सरळ होत नाही. कललं ते कललंच राहतं, उलट काडी देऊन आपणच सरळ करायचं. पहिल्या आठवड्यात मी दोनशे बारा आपटण्या मोजल्या. दोन्ही हात रिमोटवर असल्यामुळे बोट वर करता येईना. गिऱ्हाईक आलं की ते डाव्या पायाचा अंगठा वर करत. गिऱ्हाइकं तेही समजून घेत.

सुटे भाग मागवून खरं यंत्र त्यांनी स्वतः जोडलं. अडीचशे ग्रॅमच्या आत असलं तर परवानगीची कटकट कमी, असं मी वाचून काढलं होतं. म्हणून वजन महत्त्वाचं. भाऊ यंत्र घेऊन काट्यावर आले आणि दोन ट्रकांच्या मधे त्यांनी ते मांडलं. पडद्यावर शून्य. आमचा काटा दहा किलोच्या खाली बोलत नाही.

"मंग झालं. वजनच नाई त्याले."

मी हे मान्य केलं नाही. आम्ही सोनाराकडे गेलो. त्याने यंत्र उलटसुलट करून विचारलं, "मोडीत काढायचं आहे का?" बॅटरीसकट दोनशे त्रेपन्न ग्रॅम भरलं. तीन ग्रॅम जास्त. दोन दिवस भाऊ ते तीन ग्रॅम शोधत होते. स्क्रूची टोकं कापली, वायरी आखूड केल्या, बॅटरीवरचं चिकटपत्रही सोललं. दोनशे अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा. सोनाराला मी ते चिठ्ठीवर लिहून द्यायला लावलं.

पहिलं उड्डाण माझ्या शेतात झालं. महामार्गापासून दोन किलोमीटर आत बोडीला, म्हणजे लहान तळ्याला लागून माझ्या धानाच्या दोन बांध्या, दोन खाचरं आहेत. धान कापून झालं होतं, नुसती धसकटं उरली होती. यंत्र गुडघ्याएवढं वर गेलं आणि जागच्या जागी असं गरगरलं की बॅटरी सुटून बोडीकडे आणि कॅमेरा वहिनींच्या जेवणाच्या डब्याकडे गेला.

"भाजीत पडलं असतं ना!" वहिनी ओरडल्या.

कारण समजायला संध्याकाळ झाली. चाळीस वर्षं भाऊंनी प्रत्येक पंपावर खडूने बाण काढला होता. पंप बाणाच्याच दिशेने फिरला पाहिजे, नाहीतर पाणी येत नाही. उलटी फिरणारी मोटर त्यांना घरात उलटी ठेवलेली चप्पल दिसावी तशी दिसे. या यंत्रात दोन पंखे उजवे, म्हणजे उजवीकडे फिरणारे, आणि दोन डावे लागतात. सुट्या भागांसोबत आलेल्या कागदावर तसं लिहिलंही होतं. भाऊंनी ती छापणाऱ्याची चूक धरली. चारही मोटरांच्या वायरी जुळवून सगळ्या एकाच दिशेला फिरवल्या, आणि दोन पाकिटांतून फक्त उजवे पंखे निवडून बसवले.

मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला नाही. बोट वर करून बसले. मग म्हणाले, "फाउंडेशनचे बोल्ट ढिले असले का पंप चालू होताना कसा उलटा झटका मारते? जमीन धरून ठेवते म्हणून तो फिरत नाई. आता हवेत फाउंडेशन कुठून आणू? म्हणून दोन उलटे. ते एकमेकाईले धरून ठेवते." मग खूप वेळ हसले. "चाळीस वर्षं मी उलट्या मोटरवाल्याले शिव्या देल्या, बाबू."

डोळ्यांवर डबा बांधला की माणसाला आजूबाजूचं काही दिसत नाही. म्हणून शेजारी एकाने उघड्या डोळ्यांनी उभं राहायचं असतं. तो मी. म्हैस आली, बगळा आला, माणूस आला की सांगायचं. यंत्र आदळलं की मी "स्टार्टर!" असं ओरडायचं, म्हणजे भाऊ बंद करायचं बटण दाबत. उशीर झाला तर पंखे चिखलात फिरत राहून मोटर जळते. एकदा यंत्र शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीत पडलं आणि आम्ही तिघं एक तास दहा मिनिटं, हरवल्यावर ते वाजवतं ती पिपाणी ऐकत फिरलो. एक बॅटरी तीन मिनिटं दहा सेकंद चाले. महिन्याभरात एक्केचाळीस पंखे मोडले.

गेटं वेळूच्या काठ्यांची होती आणि त्यांना वहिनींची हिरवी जुनी साडी फाडून बांधली होती. साडीबद्दल वहिनी रोज एकदा बोलत. डब्याबद्दल दोनदा. "डोक्यावर पेटी बांधून बसते हा माणूस. बाया विचारून राहिल्या मले, डोळ्याचं ऑपरेशन झालं का म्हणून."

खरी अडचण हाताचीच होती. हात थरथरला की यंत्र थरथरे, आणि डब्यातलं चित्रही. पहिलं गेट जमे, दुसऱ्याला काठी लागे. मग एके दिवशी भाऊंनी दुपट्ट्याने रिमोट गळ्यात टांगला, दोन्ही मनगटं पोटावर घट्ट टेकवली आणि काड्या चिमटीत धरल्या, तार धरत तशा. थरथर पूर्ण गेली नाही, पण निम्म्याने कमी झाली.

"हे पाहा," पोटावर थाप मारून म्हणाले, "फाउंडेशन!"

"त्याले मीच सिमेंट भरलं," वहिनी म्हणाल्या.

शेजारच्या शेतात उन्हाळी धानाचे परे, रोवायची रोपं, तयार झाले होते. दोन दिवसांत माझ्याही बांध्यांत पाणी सोडायचं होतं. त्या सकाळी एकच बॅटरी चांगली उरली होती. भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, डबा चढवला, मनगटं पोटावर टेकवली. डाव्या पायाचा अंगठा वर झाला.

पहिलं गेट. स्वच्छ. बोडीवरून वळण घेतलं, तुरीच्या डोक्यावरून. दुसरं गेट. स्वच्छ. तिसऱ्या गेटात यंत्र जरा उजवीकडून शिरलं. हिरव्या साडीचा काठ ताणला गेला आणि सुटला. यंत्र किंचित डगमगलं, सावरलं, पुढे आलं आणि आमच्यासमोर धसकटांत उतरलं.

अंगठा वरच होता. डबाही डोळ्यांवर होता.

"लागलं का, बाबू?"

मी अठरा टनाच्या ट्रकाला दहा किलो कधी सोडलेले नाहीत. सख्ख्या मेहुण्याच्या धानालाही नाहीत. त्याने त्यावरून दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. साडी अजून हलत होती.

"नाही लागलं," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या माझ्यापेक्षा गेटाच्या जवळ होत्या. भांड्यांची दोन पोती त्यांचीच होती, नागपूरही त्यांनाच हवं होतं. त्या म्हणाल्या, "नाई लागलं बाप्पा. मी इथंच तं उभी होती."

अंगठा खाली आला.

त्या उन्हाळ्यात भाऊंनी एकतीस मोटरा भरल्या. मनगटं पोटावर टेकवून, दुप्पट वेळ घेऊन. दोन परत आल्या, त्यातल्या एकीचा दोष केबलचा होता. बोट वर होत असे आणि लोक पायरीवर थांबत. पलीकडच्या दुकानाचा माणूसही एकदा थांबलेला मी पाहिला. हंगाम संपला तेव्हा कोणी न सांगता भाऊंनी शटर ओढलं आणि चावी मालकाला नेऊन दिली.

सामानाची छोटी गाडी निघताना त्यांनी ती मुद्दाम काट्यावर चढवायला लावली.

"संसार किती भरला?"

"गाडी सोडून सातशे चाळीस."

"वीस किलो तं हिच्या डब्याईचंच असन," ते म्हणाले. आतून वहिनींनी उत्तर दिलं, ते ट्रकाच्या भोंग्यात गेलं.

मग त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत त्या यंत्राची एक मोटर होती, बोराएवढी. तिच्या दांड्याला, पंख्याच्या बुडाशी, हिरवा दोरा गुंडाळलेला होता. साडीच्या काठाचा.

"त्याच दिवशी सापडला," भाऊ म्हणाले. "उकलून मोजला. साडेसहा वेढे. होता तसा परत भरला."

"मग तुम्ही दुकान का चालवलं?" मी विचारलं.

"बावीस वर्षांत एक वजन खोटं सांगितलं तुमी. अन् हिनं तं आपलं नागपूर सोडलं. एवढं सगळं वाया कसं जाऊ द्याचं?"

गाडी नागपूरच्या दिशेने गेली. त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात, आणि पायरीवर कोणी थांबत नाही.

मोटर माझ्या टेबलावर आहे, पावतीपुस्तकाशेजारी. थरथरत्या हाताने भरलेला दोरा एकावर एक चढला आहे, बाहेरून मोजता येत नाही. मोजायचा तर उकलावा लागेल. समोर आलेला प्रत्येक आकडा मी पुन्हा तपासतो, हे काट्यावर येणारे सगळे ड्रायव्हर जाणतात. हा मी तपासलेला नाही. साडेसहा म्हणाले, म्हणजे साडेसहा.