मंडळ दिलगीर आहे

आमच्या मराठी मंडळाच्या ऑफिसात मोडक्या खुर्च्या आणि किस्से, दोन्ही साचत जातात. टाकून द्यायचा धीर कोणालाच होत नाही. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हा बाबांनी मला इथे नोकरीला चिकटवलं. दिल्लीतले रिटायर्ड मराठी साहेब अगदी जवळून बघायला मिळाले. डोकं फिरतं, खरं सांगते. पण शेख काकूही इथेच भेटल्या, म्हणून बाबांचे आभार!

* * *

गणपतीत मांडवाच्या आड येते म्हणून पार्कातल्या कडुलिंबाची फांदी तोडली. दिल्लीत हा गुन्हा आहे यार! दुसऱ्या दिवशी कॉन्स्टेबल हजर. "किसने काटा?"

आमचे अध्यक्ष साने काका, रिटायर्ड अंडर सेक्रेटरी, घसा खाकरून म्हणाले, "देखिए, ये सामूहिक निर्णय था."

"अच्छा? तो चलिए, सामूहिक थाने चलते हैं!"

त्याबरोबर अख्ख्या कमिटीची बोटं माझ्याकडे वळली. मी तर फक्त चहा वाटत होते! उपाध्यक्ष शेख काकू कॉन्स्टेबलला म्हणाल्या, "इसको चाय तक ढंग से बनानी नहीं आती, डाल क्या काटेगी?"

मी सुटले. इतका प्रेमळ अपमान माझा आजवर कोणी केला नव्हता.

* * *

जानेवारीत पानिपतची सहल. बसमध्ये एकच वाद: लढाई कोणामुळे हरलो? प्रत्येक काकांकडे एक नाव तयार. मुरथलच्या धाब्यावर पराठे खाल्ले, भांडत भांडतच सगळे बसमध्ये चढले. पानिपत आल्यावर कळलं, साने काकू धाब्यावरच राहिल्या!

साने काकांनी फोन लावला. चुकून स्पीकरवर. "अगं, मंडळाकडून जरा चूक झाली."

"मंडळाकडून? मी लग्न काय मंडळाशी केलं होतं?"

अडीचशे वर्षांपूर्वीचे दोषी सगळ्यांना तोंडपाठ. शेजारची सीट रिकामी आहे, हे मात्र कोणाला दिसलं नाही.

* * *

पाडव्याचं आम्रखंड खाऊन पोरं आजारी पडली. गाझियाबादच्या सावंतांच्या ओमला सलाइन लागलं. हॉलमधल्या फ्रिजचा स्विच कोणीतरी बंद केला होता.

ग्रुपवर मेसेज आला: "मंडळ दिलगीर आहे." ओमच्या आईने विचारलं, "स्विच कोणी बंद केला?" उत्तर म्हणून एका काकांनी गुलाबाच्या फुलांचं गुड मॉर्निंग टाकलं.

मीटिंगमध्ये तोच प्रश्न मी विचारला. खजिनदार म्हणाले, "आधी तू सांग, कॉलेज का सोडलंस?"

"तिथेही तुमच्यासारखेच होते म्हणून!"

झालं. लगेच ठराव आला: जबाबदारी ऑफिसची. ऑफिस म्हणजे मी. सोमवारपासून येऊ नकोस. मी बॅग उचलली. बाबांना आता दुसऱ्यांदा काय सांगायचं, तेवढंच डोक्यात होतं.

शेख काकू उठल्या. "बस खाली. स्विच मी बंद केला. माझं भाषण चालू होतं आणि तो फ्रिज घरघरत होता. परत चालू करायला विसरले."

साने काका गोड आवाजात म्हणाले, "अहो, व्यक्तिगत कशाला घेता? मंडळ आहे ना!"

"मंडळाला बोटं नसतात, साने."

इतके दिवस त्याही गप्पच होत्या, हे मी विसरलेले नाही. पण त्या खोलीत उठल्या त्या एकट्याच. माझी नोकरी राहिली ती त्यांच्यामुळे, हेही मी विसरणार नाही.

* * *

त्याच संध्याकाळी काकू मला घेऊन मेट्रोने गाझियाबादला गेल्या. ओम बरा होऊन घरी आला होता, आतून कार्टूनचा आवाज येत होता. त्याच्या आईने दार अर्धंच उघडलं.

"मंडळाकडून आलात?"

"नाही. मी शेख. फ्रिज मी बंद केला होता."

मला वाटलं, आता ही दार आपटणार!

"आत या," ती म्हणाली. "मला ओरडायचंय. इतके दिवस माणूसच मिळत नव्हता."

"ओरड," काकू म्हणाल्या, आणि चपला काढून आत गेल्या.