कोऱ्या दाराचा फोटो

वसंताबाईंच्या पत्रांत शब्द नसत. अण्णा नगरातल्या घरापुढे त्या रोज पहाटे तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, घालत आणि त्याचा फोटो सीमेवरच्या मुलाला, सुधींद्रला, पाठवत. फोन हाती आला की तो उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवी. घर ठीक, मुलगा ठीक, एवढाच मजकूर. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या या बाईंना मराठी फक्त बोलता येई, लिहायला हात वळत नसे.

मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि तो अंगठा उशिरा येऊ लागला. त्यातच तंजावरहून फोन आला. नवऱ्याचे, नारायणस्वामींचे, थोरले चुलतभाऊ गेले होते. घरात सुतक आलं, म्हणजे दारात कोलम नाही. दुसऱ्या दिवशी वसंताबाईंनी नुसतं झाडून घेतलं.

थोड्या वेळानं समोरच्या घरातली हरिप्रिया फाटकाशी येऊन उभी राहिली. आत येईना. कोऱ्या जमिनीकडे बघत ती कशीबशी म्हणाली, "मामी, सुधी...?"

"अगं, यांचे चुलतभाऊ गेले. नव्वदीला आले होते."

हरिप्रियानं फाटक उघडलं आणि ती आत आली. वसंताबाईंच्या मात्र दुसरंच ध्यानात आलं. फोटो गेला नाही तर सुधींद्रही असंच काहीतरी समजेल.

"सांगून टाक," नारायणस्वामी म्हणाले. "त्यालाही सुतक आहेच."

"तोफांपुढे उभ्या पोराला मरणाची बातमी कळवू? आणि आंघोळ कुठे करेल तो, खंदकात?"

"मग काय पाठवशील?"

वसंताबाईंनी फोनमधला एक जुना कोलम शोधला आणि पाठवून दिला.

त्या दिवशी उत्तर नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नारायणस्वामी टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत आणि वसंताबाई स्वयंपाकघरातून त्यांचा चेहरा बघत. नवरा जरा हलला तरी इकडे हातातलं काम थांबे.

तिसऱ्या दिवशी फोनवर सुधींद्रचा बोलका निरोप आला. "अम्मा, हा फोटो जुना आहे. कडेला स्कूटर दिसतेय. ती तर अप्पांनी पोंगलला विकली." मागे काहीतरी धडाडलं, पण तो बोलतच राहिला. "अप्पांचा आवाज ऐकून किती दिवस झाले. घरात कोण गेलं, अम्मा? खरं सांग. माझं इथे लक्ष लागत नाही."

वसंताबाईंनी ते दोनदा ऐकलं. तिथे लक्ष न लागणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्या नवऱ्याला हाताला धरून दाराबाहेर घेऊन आल्या.

"अगं, शर्ट तरी घालू दे."

"काही नको. आहात तसे उभे राहा."

कोऱ्या जमिनीवर, लुंगीसारख्या पांढऱ्या वेष्टीत, कावरेबावरे नारायणस्वामी. तो फोटो त्यांनी पाठवला आणि बटण दाबून बोलू लागल्या. "तंजावरचे थोरले काका गेले रे. म्हणून कोलम नाही. मी खोटं पाठवलं. हे बघ अप्पा, धड आहेत. बोला हो."

"सुधी," नारायणस्वामी फोनकडे वाकून म्हणाले, "जेवलास का?"

निरोपापुढे एकच खूण उमटली. तो अजून पोचलेला नव्हता. ऊन पायरीवर चढलं, तरी दोघं एकमेकांच्या मध्ये फोन धरून दारातच उभी होती.