वदिना आणि कंबर तलावातलं जहाज

माझ्यासाठी पोलिसाच्या तोंडावर खोटं बोललेली बाई आज सकाळी गेली.

आमच्या वदिना. थोरल्या भावाची बायको. आम्ही तेलुगू विणकर, आमच्यात वहिनीला वदिना म्हणतात.

आणीबाणीचे दिवस होते. आणि मी घरात रेडिओवर चालणारं जहाज बनवत होतो.

सोलापूरला समुद्र नाही. मी तोवर पाहिलेलाही नव्हता. एका कॅलेंडरवर बोटीचं चित्र होतं, तेवढ्यावर सगळा उद्योग.

डालड्याच्या डब्यांचा पत्रा, टॉर्चचे बल्ब, मोडक्या खेळण्यांच्या मोटारी. धुराड्यात अगरबत्ती, म्हणजे धूर खरा. एक बटण दाबलं की वळायचं, दुसऱ्याने भोंगा वाजायचा. तिसऱ्याने नांगर खाली जायचा आणि वरही यायचा.

त्या नांगराचा मला भारी अभिमान होता.

पण बटणं ज्या डब्यावर होती तो होता ट्रान्समीटर. घरी बनवलेला, बिनलायसन्सचा. त्या काळात!

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, घाबरून अर्धा झाला होता. वदिनांच्या भावाला आधीच उचललं होतं. गिरणीत युनियनचं काम करायचा तो. कुठे ठेवलाय कळलं होतं, पण भेट देत नव्हते. अण्णा म्हणायचा, एक आत आहे, आता वायरलेस सापडला तर अख्खं घर आत जाईल. मोडून टाक ते.

त्याचं चूक नव्हतं. दारावर कुणी थाप मारली की मीही आधी डबा लपवायला धावायचो. पण एकदा तरी पाण्यात सोडल्याशिवाय मोडवेना.

अण्णा एका लग्नाला मंगळवेढ्याला गेला आणि मी वदिनांना विचारलं, जहाज एकदा तळ्यात सोडून बघू का?

त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, मी पण येते. एकटा माणूस तळ्यावर डबा घेऊन बसला की लोक बघतात. बाई बरोबर असली की फिरायला आलेत म्हणतात.

नांगराला दोरा त्यांनीच काढून दिला. मागावरच्या ताण्याचं सूत, खळ दिलेलं, कडक.

सायकलवर निघालो. वदिना कॅरिअरवर, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं जहाज, ट्रान्समीटर भाजीच्या पिशवीत. वाटेत चौकी लागली तेव्हा त्यांनी मागून माझा शर्ट घट्ट धरला. मी मान खाली घालून पायडल मारत राहिलो.

कंबर तलावाला तेव्हा कमळं होती. ती टाळून जहाज मोकळ्या पाण्यात गेलं. वळलं. दिवे लागले. धुराड्यातून धूर. मी वेडा व्हायचा राहिलो होतो.

मग मी नांगर टाकला. सुरेख गेला खाली.

वर येईना.

नवं कापड पहिल्या धुण्यात खळ सोडतं, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दोरा बांधताना दोघांनाही आठवलं नाही. भिजलेल्या सुताची खळ सुटली, दोऱ्याच्या छिद्रात लगदा झाला, दोरा फुगून बसला. जहाज मध्यावर खुंटाला बांधल्यासारखं गोल फिरायला लागलं.

मी बटण दाबतोय, सोडतोय, परत दाबतोय. एरियल पूर्ण वर काढलेली. कुणाचंही लक्ष जावं अशी.

आणि गेलंच. हवालदार.

"काय हाय हे? वायरलेस?"

मी नुसतंच बटण दाबत राहिलो.

वदिनांनी माझ्या हातातून डबा काढून घेतला.

"माजं हाय," म्हणाल्या. "भाच्यासाठी खेळणं केलंय."

"तुमी केलंय?"

"व्हय."

"मग चालवून दावा की."

या बाईने त्या डब्याला कधी हात लावला नव्हता. दिसलं ते बटण दाबलं. तळ्याच्या मधोमध भोंगा वाजला.

हवालदार बघत राहिला. पोरासारखा बघत राहिला. परत वाजवा म्हणाला, वदिनांनी परत वाजवला. मग भानावर येऊन त्याने हळूच सांगितलं की साहेबांची जीप यायची वेळ झाली, त्यांना हे खेळणं वाटणार नाही, लगेच निघा.

जहाज तिथंच सोडून निघालो. दिवे चालू होते. मी मागे वळून बघत होतो, वदिना नाही.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने ट्रान्समीटर फोडला. तुकडे चुलीच्या राखेत. दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो तर जहाज नव्हतं. बुडालं की कुणी नेलं, आजतागायत माहीत नाही.

बरेच दिवस विचारायची हिंमत झाली नाही. एकदा त्या रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या तेव्हा विचारलं. वदिना, त्या हवालदाराने तुम्हालाच नेलं असतं तर?

रहाट थांबला नाही.

"अंबादास, एकाची वाट बगतीय मी. सकाळपास्नं रात्रीपर्यंत तेवढंच करते. दुसऱ्याची वाट बगायची ताकद न्हाय माज्यात."

मला तोवर वाटत होतं की त्या धीट आहेत.

निवडणुकीनंतर त्यांचा भाऊ सुटला. वाळून आला होता, ओळखू येईना. वदिनांनी दोन पाट शेजारी शेजारी मांडले. एकावर त्याला बसवलं, दुसऱ्यावर मला. दोघांचं जेवण होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. वाढत होत्या आणि रडत होत्या.

वदिना, सावकाश जा.

आता कुणाची वाट बघू नका.