मागच्या खिडकीचे गिऱ्हाईक

दिवस आधी नोंदवतो, माणसे नंतर.

रंगपंचमी, दिवेलागणीची वेळ. त्यानंतरचा सोमवार, सकाळ. गुढीपाडव्याचा आदला दिवस, मॅजिस्ट्रेटची कचेरी.

जबाबदार माणसे तीन. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचा परवानाधारक दारूविक्रेता, ज्याच्या दुकानाला सारे नाशिक ‘खुर्च्यांचा गुत्ता’ म्हणते. अबकारी खात्याचा एक जमादार. आणि या शहरातील एक प्रतिष्ठित वकील, मद्यपाननिषेध मंडळाचे अध्यक्ष. नावे देत नाही. ज्याचे नाव आहे त्याला ते ठाऊक आहे.

आता घडले ते.

गुत्त्यातला गडी बाटली घेऊन आमच्या टेबलाशी आला, तेव्हा खुर्चीवर बसलेल्या सटवाजीने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि ती तोंडाशी नेली. पेला समोर होता. काचेचा, लख्ख पुसलेला. त्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. मान खाली, कोपरे पुढे. वरून धार पडेल म्हणून तो वाट पाहत राहिला. आमची माणसे दुसऱ्याच्या दारात जन्मभर अशीच पाणी पितात.

गड्याचा हात हवेत थांबला. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “मालक, ओंजळ पाहिलीत का?”

एवढेच वाक्य. ओरडून नव्हे, हसून. उलटतपासणीत साक्षीदार अडकला की वकील हसतात तसे.

मी महार आहे. सटवाजीही महार. मोठ्या लढाईच्या वेळी आम्ही दोघे बसऱ्याला हमाल पलटणीत होतो. मी कारकून, तो नायक. तेथे रम बादलीतून यायची, ज्याच्या त्याच्या टिनच्या मगात पडायची, आणि अंधारात कोण कोणाचा मग उचली याची चौकशी होत नसे. बाजारात एक अरब चहावाला काचेचा पेला सटवाजीच्या हातात स्वतः ठेवी आणि वर ‘जेमादार’ म्हणे. तेव्हा सटवाजी पेल्याला ओठ लावूनच प्यायचा. लढाई संपली. तो कळवणकडे आपल्या गावी गेला, आणि त्याचे हात पुन्हा गावचे झाले.

तो जंगलखात्याच्या लाकूडवखारीवर रखवालदार आहे. त्या नोकरीवर घर चालते, दोन मुली अजून उजवायच्या आहेत. मी कचेरीच्या कुंपणाशी बसून लोकांचे अर्ज लिहितो. केस पांढरे झाले, पण लेखणी अजून काळेच लिहिते. मीच त्याला लिहिले होते की रंगपंचमीला ये. शहरात संध्याकाळ कशी घालवतात ते दाखवतो.

आणि हेही येथेच लिहून ठेवतो की मी दारू पितो. सणावाराला, सोबत असेल तर, दोन पेले. घरी माहीत आहे. त्याची मला लाज वाटत नाही. या शहरातील पिण्याची सगळी ठिकाणे मला ठाऊक आहेत. मात्र मागच्या बाजूने. पंचवटीच्या ताडीच्या दुकानात आमची मडकी बाहेर बाभळीला टांगलेली असतात. देवळालीच्या छावणीत गोऱ्या सोजिरांच्या कँटीनचा मागचा दरवाजा आमचा, आणि बाटलीच्या तळाशी उरेल ती बिअर आमची. पुढचा दरवाजा कसा असतो ते आम्हाला रस्त्यावरूनच दिसते. खुर्च्यांच्या गुत्त्यात गॅसबत्ती आहे, भिंतीएवढा आरसा आहे, संगमरवरी टेबले आहेत, तळलेले बोंबील ताटलीतून येतात. मी त्या दारावरून कितीदा गेलो असेन. आरशात आतले सगळे दिसायचे. मी कधीच दिसलो नाही.

रंगपंचमीला मात्र नाशिकात तोंडे उरत नाहीत. जुन्या गल्ल्यांतल्या रहाडी उघडतात, रंगाने भरलेल्या त्या हौदांत उड्या घेऊन माणसे पिवळीकेशरी होऊन रस्त्याने फिरतात. रहाडीत आम्हाला उडी नाही. पण रस्त्यावर उडणाऱ्या रंगाला ते सांगायला कोणी विसरले असावे. संध्याकाळपर्यंत आम्हीही इतरांइतकेच पिवळे झालो होतो.

“मुन्शी, आत जायचं? आपुन?” सटवाजी दारात थबकला. पलटणीत असल्यापासून तो मला मुन्शीच म्हणतो.

“आज कोणाला जात विचारतील, सटवा? सगळे एका हंड्यातून काढलेले.”

“मंग चल. बसऱ्यानंतर खुर्ची फकस्त पुसली मी, सायबाची. बसलो नाय.”

बसला. हात टेकले, पाठ टेकली, आणि माझ्याकडे झुकून कुजबुजला, “मऊ हाय रं.”

त्यानंतर ओंजळ.

मालक आला. त्याने आम्हाला काही विचारले नाही. आमच्या टेबलावरचा पेला फडक्यात धरून उचलला, बाहेर नेला आणि गटारावर फोडला. त्या पेल्याला सटवाजीचे बोटही लागले नव्हते. मग आत येऊन म्हणाला, “रंग फासून आलात होय? उठा. मागे खिडकी आहे तुमची. तिथं या आणि हवी तेवढी ढोसा. मी नाही म्हणतोय का?”

मी उठलो, पण दाराकडे गेलो नाही. आरशाशेजारी त्याचा परवाना चौकटीत लावलेला होता, तो मी मोठ्याने वाचला. विक्री आणि प्राशन दुकानाच्या हद्दीच्या आत व्हावे. हद्दीबाहेर पिणारा गुन्हेगार. मी म्हणालो, “मालक, खिडकीबाहेरची गल्ली तुमच्या हद्दीत नाही. आम्हाला आत बसू देणे तुमच्यावर बंधनकारक आहे.”

“वाचता येतं म्हणायचं!” मालक म्हणाला. “छान. आता गप मागची वाट धर.”

लोक हसले. त्या हसण्याला दारूचा, बोंबलांचा आणि ओल्या रंगाचा वास होता. शेजारच्या टेबलावरचे वकीलसाहेब आता हसले नाहीत. त्यांचे काम झाले होते. ते पेल्यात पाहत होते.

देवळाच्या दारात आमची माणसे उन्हातान्हात बसली, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा आम्हाला शास्त्रे दाखवण्यात आली. देवाला सोवळे आहे, असे सांगण्यात आले. ठीक. मोहाच्या दारूला कोणते सोवळे आहे? ती कोणत्या शास्त्राने बाटते? जी पिऊन माणूस गटारात लोळतो, तिच्यापाशीही आमची जागा गटाराकडेच.

“चल ना, मुन्शी,” सटवाजीने माझी बाही ओढली. “इतक्या लांबून आलो. दोन घोट घेऊ न् जाऊ.”

मागची गल्ली मी वर्णन करणार नव्हतो, पण करतो. पुढच्या खोलीत पिणारे सभ्य लोक ज्या भिंतीवर लघवी करायला येतात, त्याच भिंतीत ती खिडकी आहे. खिडकीतून पत्र्याची पन्हळ बाहेर येते. खाली खिळ्याला नारळाच्या करवंट्या टांगलेल्या. आपण करवंटी धरायची, आतून पन्हळीत दारू ओतली जाते. ओतणारा भिंतीआड उभा, त्याचा हात दिसत नाही. पायाखाली चिखल, आणि तो चिखल पावसाचा नव्हता. मी करवंटी घेतली नाही. सटवाजीने घेतली.

पहिला घोट गळ्याखाली उतरला नसेल तोच जमादाराने त्याचे मनगट धरले.

“हद्दीबाहेर पितोस? परवाना बापाचा का?”

“साहेब, याला आत बसू दिले नाही,” मी म्हणालो. “आत्ता, या घटकेला, खुर्चीवरून उठवले.”

आतून मालकाचा आवाज आला, “जमादारसाहेब, ही दोघं आत आलीच नाहीत. आम्ही खिडकीतून देतो. कुठं नेऊन पितात ते आम्ही बघत नाही.”

“साक्षीदार हाय का तुझा?” जमादाराने मला विचारले.

होता. खिडकीतून सरळ समोर दिसत होता. मी बोट दाखवले. वकीलसाहेबांनी आमच्याकडे पाहिले, उपरणे तोंडावर ओढले, आणि खुर्ची पाठमोरी फिरवली. थोड्या वेळाने ती खुर्ची रिकामी दिसली.

कारस्थान किती स्वच्छ आहे पाहा. आत बसाल तर रूढी मोडते. बाहेर प्याल तर कायदा मोडतो. ज्याने बाहेर काढले तो निर्दोष, ज्याने बाहेर पकडले तो कर्तव्यदक्ष, आणि जो बाहेर उभा राहिला तो आरोपी. सरकारी नोकराला शिक्षा झाली की नोकरी गेली. सटवाजीच्या वखारीच्या किल्ल्या त्या करवंटीत बुडायला निघाल्या होत्या.

सोमवारी सकाळी मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो. ते वरच्या पायरीवर, मी खाली. मी इतकेच म्हणालो की रंगपंचमीच्या संध्याकाळी सटवाजीला अबकारीने धरले आहे, त्याच्या खटल्यात आपली साक्ष हवी.

“माझी? मी त्या संध्याकाळी मंडळाच्या सभेत होतो.”

“बरे.”

“आणि तुम्ही लोकांनी हे समजून घेतले पाहिजे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज व्याख्यानाचा झाला. “तुमचा खरा शत्रू दारू आहे. मी रविवारी मैदानात घसा कोरडा करून सांगतो, आणि तुम्ही सणाच्या दिवशी तोंडाला रंग फासून तिथे खुर्चीवर जाऊन बसता!”

“खुर्चीचे मी आपणास अजून सांगितलेले नाही,” मी म्हणालो.

आत कोणीतरी घंटा वाजवून पूजा करत होते. मग त्यांनी कनवटीला हात घातला.

“हे बघा, दंड होईल तो भरून टाका. मी देतो. प्रकरण मिटवा.”

त्यांनी वरच्या पायरीवरून नाणे धरले, सोडण्यासाठी. आणि माझे हात वर आले. मी ते पाहिले. माझे, कायदा वाचणारे, अर्ज लिहिणारे हात. दोन्ही तळवे एकमेकांना लागले, करंगळ्या जुळल्या, ओंजळ होऊ लागली. मला त्या क्षणी गल्लीतल्या चिखलापेक्षा माझ्या हातांची किळस वाटली. सटवाजीला मी मनातल्या मनात वेडा म्हणालो होतो. तो वेडा नव्हता. आम्हाला असेच घडवले आहे.

मी हात सोडवले आणि पाठीमागे बांधले. नाणे पायरीवर पडले, घरंगळले, तुळशीपाशी जाऊन थांबले.

“उचला,” वकीलसाहेब म्हणाले.

“आपले आहे. आपण उचला.”

आणि मी निघालो. मागे वळून पाहिले नाही, म्हणून ते कोणी उचलले हे मला ठाऊक नाही.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी खटला पुकारला गेला. कचेरीच्या ओट्यावर सटवाजी माझ्या शेजारी बसला होता. रंग अजून त्याच्या कानामागे होता.

“कबूल करून टाकू का, मुन्शी? मॅजिस्ट्रेटाला दया येईल.”

“दया आली तरी शिक्षा ती शिक्षाच. नोकरी जाईल.”

“आन् लढलो न् हरलो, मंग?”

“तरीही जाईल.”

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. मी त्याला विचारले, “सटवा, तू त्या खुर्चीवर बसला होतास की नाही?”

“बसलो व्हतो.” मग मान वर करून, जरा रागाने, “बसलो व्हतो म्हंजे काय! मऊ व्हती.”

“मग तेवढेच सांग.”

आत मॅजिस्ट्रेटने विचारले, “गुन्हा कबूल?”

“नाय कबूल, सरकार,” सटवाजी म्हणाला. “मला आतून काढलं.”

मालकाने शपथेवर सांगितले की आम्ही दुकानात पाऊलच ठेवले नाही. जमादाराने तेच सांगितले, तेही शपथेवर. मॅजिस्ट्रेट म्हणाले, सोबत्याची साक्ष पुरेशी नाही, आरोपीने आत बसल्याचा दुसरा साक्षीदार आणावा, तारीख रामनवमीनंतरची. आता सटवाजीची नोकरी एका माणसाच्या जिभेवर टांगलेली आहे, त्या करवंट्यांसारखी.

वकीलसाहेब, मला आपल्याविषयी किळस आहे, पण ती आपण दारू पिता म्हणून नाही. मीही पितो. माझी सही मूळ कागदावर आहे. ज्याला पाहिजे त्याने ती वाचावी. मला किळस आहे ती त्या उपरण्याची.

आपण सटवाजीची ओंजळ ओळखलीत, कारण आपल्या अंगणात आपण तशा ओंजळींत पाणी सोडत आलात. ती पुन्हा आपल्यापुढे येणार नाही. दया मागणारा अर्जही येणार नाही. असे अर्ज मी लिहिणे बंद केले आहे. सटवाजीची नोकरी राहो की जावो, मी हा खटला वरच्या कोर्टात नेईन, त्याच्याही वर नेईन, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला कागद हाच जोडीन.

रविवारी मैदानात आपले व्याख्यान आहे. मी पुढच्या रांगेत येईन. सटवाजी येईल. आम्ही उभे राहून, ज्या शहराला आपण दारू सोडायला सांगता त्या शहरादेखत, विचारू. त्याचे उत्तर आपण तेथेच, त्याच मंचावरून, उपरणे खांद्यावर ठेवून द्यावे:

रंगपंचमीच्या संध्याकाळी आपण कोणत्या खुर्चीवर बसला होतात, आणि आमच्या खुर्चीवर कोण बसले होते?