पप्पांचं लॉक

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली. पत्रिका पप्पांच्या हातचीच पाहिजे. पप्पांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं, हे तिला कोण सांगणार? आणि खरं म्हणजे मलाही तीच पत्रिका हवी होती.

पूर्णेला स्टेशनच्या रस्त्यावर पप्पांचं टायपिंगचं दुकान होतं. आमच्या समाजातलं लग्न असो की गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, पत्रिका त्यांच्याकडेच व्हायची. माझ्या लग्नाची त्यांनी पिंपळाचं एकेक पान जुळवून केलेली, किनार पूर्ण होईपर्यंत आई जेवायला बोलावून दमली. ते जुनं सॉफ्टवेअर आता नव्या कम्प्युटरवर चढत नाही. वर त्याला यूएसबीचं लॉक लागतं. हा बोटभर प्लास्टिकचा तुकडा लावल्याशिवाय फाइल उघडतच नाही. पप्पा एखादे वेळी दुकानाला कुलूप लावायचं विसरत, पण लॉक शर्टाच्या खिशात घालून घरी आणायला कधी विसरले नाहीत. आईने ते त्यांच्या चष्म्याच्या डबीत जपून ठेवलं होतं.

दुकानातला कम्प्युटर केव्हाच बसला, हार्डडिस्क तेवढी वाचली. म्हणून मी धाकटीच्या विंडोजवाल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन तयार केली, म्हणजे नव्या कम्प्युटरच्या पोटात एक जुना कम्प्युटर वसवला. सॉफ्टवेअर आत मुकाट चढलं. लॉक लावलं, तर बाहेरच्या विंडोजने ते आपलंच समजून धरून ठेवलं. पाहुणा आतल्या माणसाला भेटायला यावा आणि त्याला ओसरीवरच चहा पाजून बसवावं, तसं. आतून एकच उत्तर येत होतं, लॉक सापडत नाही.

मग माझा लिनक्सचा लॅपटॉप काढला, त्यावरही तशीच मशीन वसवली. तिथे यूएसबीची यादीच कोरी. कारण शोधलं तर परवानगी असलेल्यांच्या गटात माझं नाव नव्हतं. लॅपटॉप माझा, पैसे माझे, आणि परवानगी नाही ती मलाच. नाव घातलं तरी यादी कोरीच राहिली. मी लॅपटॉपवर राग काढायला लागले तेव्हा आई म्हणाली, सगळं बंद कर, लॉक काढून पदराला पूस आणि मग लाव, पप्पा शर्टाला पुसायचे. मी वैतागून तसंच केलं. पुसल्याने काही होत नाही, मला ठाऊक आहे. बंद करून चालू केल्याशिवाय नवी परवानगी लागू होत नाही, एवढंच. पण आईला मी ते सांगितलं नाही.

यादीत लॉक दिसलं. त्याच्यापुढे टिक केली आणि आतल्या जुन्या विंडोजचा, काही जोडलं की होणारा तो आवाज आला. लहानपणी शाळेतून दुकानात गेलं की हाच आवाज यायचा. पप्पांची फार आठवण आली.

माझ्या लग्नाची पत्रिका उघडली. सगळी पानं जागच्या जागी होती. पप्पांचा कीबोर्ड मला येत नाही, अक्षरं शोधत शोधत मी धाकटीचं नाव घातलं, मग नवऱ्या मुलाचं. ज्येष्ठ कन्या होतं तिथे कनिष्ठ कन्या केलं. खाली पप्पांचं नाव होतं.

गेलेल्या माणसाच्या नावाआधी आमच्यात कालकथित लिहितात. हा शब्द पप्पांनी गावातल्या किती जणांच्या नावाआधी बसवला असेल. आता तो त्यांच्या नावाआधी मला टाइप करायचा होता, आणि माझा हात चालेना.

आई मागेच उभी होती. तिने पडद्याकडे बघितलं नाही.

"तू नको लिवू. आज्याच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका असंल बघ त्यात. त्यांनीच लिवलेला हाय तो शब्द. तिथून घे."

ती फाइल सापडली. त्यात माझ्या आजोबांच्या नावाआधी पप्पांनी आपल्या हाताने बसवलेलं कालकथित होतं. मी ते उचललं आणि पप्पांच्या नावाआधी ठेवलं. ओळीत जागा कमी होती. पप्पांचं नाव थोडं बाजूला सरकलं.