कौलं खालून लावतात

गेल्या उन्हाळ्यापर्यंत झिपरूने आपलं घर वरूनच पाहिलं होतं. आता तो ते खालून पाहत होता.

बेटेगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावर त्याचं घर होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं. मधल्या खोलीत बाजेवर तो उताणा पडलेला असे, कमरेखालचं शरीर मेलेलं. सरकलेल्या कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे आत उतरत. सकाळी ते भिंतीवर असत, दुपारी त्याच्या गोधडीवर येत, मग जमिनीवरून सरपटत चुलीकडे जात. झिपरू त्यांच्याकडे बघत पडून राही, आणि त्याची बायको सोमी त्याच्याकडे बघत आपली कामं उरके.

दर उन्हाळ्यात तो बोईसरच्या कारखान्यांच्या छपरांवर कामाला जायचा. फुटके सिमेंटचे पत्रे काढायचे, नवे बसवायचे, भेगा बुजवायच्या. नवं माणूस कामाला आलं की झिपरू त्याला आधी चालायला शिकवी. म्हणे, "खिळ्यांच्या ओळीवरून चाल. खिळ्याखाली लोखंड हाय. दोन ओळींच्या मधी नुसतं तुजं नशीब हाय."

गेल्या वर्षी एका कारखान्याने छप्पर जास्त टिकावं म्हणून त्यावर चांदीसारखा जाड रंग चढवला होता. पत्राही चांदीचा आणि खिळाही चांदीचा. भर दुपारी त्या चकाकीत ओळ दिसेनाशी झाली आणि झिपरूचा पाय चुकून तो पत्रा फोडून खाली गेला. "बाबा जिवंत सापडला," असं मुलाने, प्रदीपने, फोनवर सांगितलं. हरवलेल्या वस्तूला वापरावा तसा 'सापडला' हा शब्द सोमीच्या मनात कितीतरी दिवस तसाच पडून होता.

त्या गडबडीत गेल्या वर्षी घर शाकारायचं, कौलं चाळून नीट लावायचं, राहूनच गेलं. प्रदीपने वरून निळी ताडपत्री बांधली. ऐन पावसात वाऱ्याने ती फाटली आणि तिच्यात साचलेलं पाणी एका धारेने बाजेवर आलं. झिपरूच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या, त्या भिजल्या आणि सडल्या. दवाखान्यातली नर्स सोमीला बाजूला घेऊन म्हणाली होती, "पुन्हा ओलं होऊ देऊ नका. या खेपेला वाचले."

म्हणून यंदा आंबे उतरायला लागताच सोमीने विषय काढला.

झिपरू म्हणाला, "यंदा शाकारू नको."

"मंग?"

"गळू दे."

तो रागावलेला नव्हता. मीठ कमी आहे असं सांगावं, तसं त्याने ते सांगितलं. सोमीच्या हातातली परात तशीच राहिली. पाड्याच्या टोकाला चिंधूचं घर होतं. बायकापोरं घेऊन चिंधू वीटभट्टीवर गेला तो तिकडेच राहिला, आणि जाताना त्याने कौलं उतरवून विकली. त्या घराच्या भिंती बघता बघता मातीत गेल्या. तेव्हा झिपरूच म्हणाला होता, "घर मारायचं असंल तर भिंतीला हात लावायला नको. कौलं काडली का बाकीचं पाऊस करतो." गळू दे म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जेवण तर त्याने केव्हाच अर्ध्यावर आणलं होतं. आता पाण्याचा तांब्या पुढे केला की मान फिरवत होता.

प्रदीप कारखान्यांजवळ कुंभवलीला खोली घेऊन राहत होता. तो एकदा सुट्टीला आला तो नवी ताडपत्री काखेत मारूनच.

"ह्यी जाड हाय, आये. फाटायची नाय."

बाजेवरून झिपरू म्हणाला, "मागच्या सालच्या ताडपत्रीनं मला घरात बसून नदी दावली. ह्यी समुद्र दावंल."

प्रदीप हसला, मग हसू आवरून आईकडे बघू लागला. "पत्रेच टाकू मग."

"इथली कारखान्यांची हवा पत्रा खाते. तुज्या खोलीचा खाल्ला नाय का? कौलाला काय करत नाय ती." एवढं बोलून झिपरूने तोंड भिंतीकडे फिरवलं. आपण छपराबद्दल बोललो याचीच त्याला चीड आल्यासारखी वाटली. सोमीने ते नीट पाहून ठेवलं.

प्रदीप रविवारी कौलं चाळायला येतो म्हणाला. रविवारी त्याला ओव्हरटाइम लागला. पुढच्या रविवारीही तेच झालं. मग सोमीने स्वतःच शिडी लावली.

शेजारची म्हातारी भागी कमरेवर हात ठेवून अंगणात उभी राहिली. "बाईमानूस घरावर चढलेलं मी कदी पाह्यलं नाय."

"मंग आज पाहा. डोळे अजून बरे हायत तुजे."

"पडलीस तर दोगांना कोन घालंल भाकर?"

"तू हायस ना," म्हणत सोमी वर गेली.

बाजेवरच्या बाजूची कौलं तिने एकेक करून काढली आणि खाली भागीच्या हातात दिली. कुजलेला जांभळाचा पाला झाडला. वाशांवर वाळवीने मातीच्या वाटा केल्या होत्या, त्या खरवडल्या आणि प्रदीपने आणून ठेवलेलं काळं ऑइल फडक्याने वाशांना चोळलं. खाली खोलीत ऊन भरलं. झिपरूने डोळ्यांवर आडवा हात घेतला.

"ह्यो मधला वासा पोकळ वाटतो," ती वरून म्हणाली. "बदलू का राहू दे?"

झिपरूने डोळ्यांवरचा हात काढला नाही.

"तुला विचारतेय."

उत्तर आलं नाही.  मग आढ्याजवळ सरकून तिने पहिली ओळ लावायला घेतली, अगदी वरून. ती झाल्यावर तिच्या खालची. खालच्या कौलाची कड वरच्यावर चढत होती. कौल बसताना आवाज नीट येत नव्हता, दात न जुळल्यासारखा खडखडत होता. दुसरी ओळ संपली. तिसऱ्या ओळीचं पहिलं कौल तिने ठेवलं आणि खालून घोगरा आवाज आला.

"खालून."

"काय?"

"खालून लाव, खालून. वळचणीपासून वर जायचं. वरच्यानं खालच्याला झाकायचं असतं. तू तर पावसाला हात धरून घरात आनतेस."

"मंग आदी सांगायचं होतं."

"तुज्या बानं कदी कौल पाह्यलं होतं का नुसती ताडी?"

अंगणात भागी फिसकन हसली. सोमीने लावलेलं सगळं काढलं. त्यानंतर दिवस कलेपर्यंत झिपरू बोलत होता. तो वासा वाजवून दाखव. बद्द वाजतो, त्याला जोड दे. ते कौल तडकलंय, ठेवू नको. टिचकी मार, ऐकू येत नाय का? डावा पाय वाशावर ठेव, पातळ रिपेवर नको, सोमे, रिपेवर नको. शेवटचं सांगताना त्याचा आवाज चिरकला.

इतकी वर्षं दर उन्हाळ्यात तिनेच खालून त्याच्या हातात कौलं दिली होती. ओळ कुठून सुरू होते, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

ओळीमागून ओळ वर चढत गेली तसं खोलीतलं ऊन आक्रसत गेलं. आधी चुलीजवळचं गेलं, मग गोधडीवरचं. आढ्यावरचं शेवटचं कोनाचं कौल बसलं तेव्हा खाली एकही कवडसा उरला नाही. सोमी उतरून आत आली तेव्हा तिला आधी बाज दिसलीच नाही. मग हळूहळू त्याचा चेहरा दिसू लागला.

"तुला म्हाईत होतं," तो म्हणाला.

"हां."

"आता चांगली वीस वरसं जाईल. दर साली चाळत राह्यलीस तर." सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.  वीस वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत बाजेच्या दोन्ही बाजूंना पसरली.

"घर राखलंस," झिपरू म्हणाला. "मला नाय विचारलंस."

 सोमीने काळे हात राखेने चोळून धुतले, तांब्या भरला आणि त्याच्या मानेखाली हात घालून तो ओठांशी धरला. त्याने तोंड उघडलं नाही. ती धरून राहिली. बाहेर भागी अंगणातली फुटकी कौलं गोळा करत होती, त्यांचा आवाज येत होता. सोमीचा हात भरून आला.

मग झिपरूने दोन घोट घेतले. परक्याच्या घरी घेतात तसे.