पत्र्याच्या खोलीचा वाटा

लातूरला वकिली सुरू केली तेव्हा माझ्याकडे पक्षकार कमी आणि वेळ भरपूर होता. म्हणून एका स्थानिक दैनिकात दर रविवारी कोर्टाचे ताजे निकाल सोप्या भाषेत सांगणारं सदर लिहायला लागले. कधी भाडेकरूचा निकाल, कधी न वटलेल्या चेकचा, कधी अपघाताच्या भरपाईचा. मानधन नव्हतं, पण वडिलांना भारी अभिमान. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. दर लेखाच्या झेरॉक्स काढून गल्लीत वाटायचे आणि एक प्रत एसटी कंडक्टरच्या हाती निलंग्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे पाठवायचे.

एका रविवारी मी मुलींच्या वाट्यावर लिहिलं. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्यानं स्वतः बांधलेल्या घरात मुलीचा हक्क मुलाइतकाच. पूर्वी भावांनी वाटणी काढेपर्यंत राहत्या घरात तिला ती मागता येत नसे. आता ती अट कायद्यातून गेली होती आणि तसे निकाल यायला लागले होते. छापायला देण्याआधी वडिलांनी लेखातले दोन अनुस्वार काढले, आणि लेख छापून आल्यावर प्रत नेहमीसारखी निलंग्याला पाठवली.

त्याच आठवड्यात आत्या आली. बरोबर ट्रंक आणि पेन्सिलीनं खुणा केलेली झेरॉक्स. चहा घेऊन झाल्यावर तिनं वडिलांना विचारलं, हे घर बांधणाऱ्या आपल्या बापानं मृत्युपत्राचा कागद केला होता का. वडील म्हणाले, नाही. "मग माझा वाटा हाय म्हन की," आत्या म्हणाली. "तुझ्याच पोरीनं लिव्हलंय."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते एका जुन्या वकिलांकडे गेले. त्यांनी लेख वाचला, अगदी बरोबर आहे म्हणाले, वर मुलीचं कौतुक केलं. घरी येऊन वडिलांनी मला विचारलं की पुढच्या रविवारी भावांच्या बाजूचा एखादा निकाल देता येईल का. मी रेल्वेत हरवलेल्या सामानावर लिहिलं. तीन दिवस ते माझ्याशी फक्त आईमार्फत बोलले.

त्यांची अडचण खरी होती. घर सगळं कोचिंगसाठी भाड्यानं राहणाऱ्या पोरांनी भरलेलं. अहमदपूरची, अर्धापूरची पोरं पुढच्या दोन खोल्यांत खाटा टाकून डॉक्टर व्हायचा अभ्यास करत होती. आत्यानं त्याच खोल्या मागितल्या तर भर परीक्षेत त्यांना कुठं पाठवायचं, या काळजीनं वडिलांची झोप उडाली. शेवटी त्यांनीच आत्याला सांगितलं, तुला कोणता भाग हवा तो घे.

आत्यानं घरभर हिंडून सगळं पाहिलं, भिंतींवर हात मारून बघितला आणि अंगणातली पत्र्याची खोली मागितली. भूकंपानंतर वडिलांचा स्लॅबवरचा भरवसा उडाला, तेव्हा उभी केलेली ती खोली. कित्येक महिने आम्ही तिच्यात झोपलो होतो. पुढे तिथं मोडकी सायकल आणि रद्दी साठली. वडिलांना हायसं वाटलं आणि लाजही वाटली. एवढंच कशाला, त्यांनी विचारलं.

"हितं आले की दुसऱ्या दिवशी तू गाडीचं टाइम सांगतोस," आत्या म्हणाली. "तिकडं सून इचारती, भावाकडं कवा जाणार. एक दार असं पायजे, जिथं मला कुणी इचारणार न्हाई."

वडील उठले. अंगणात जाऊन पत्र्याच्या खोलीतली मोडकी सायकल बाहेर काढायला लागले. त्यांना खरंच एसटीचं वेळापत्रक पाठ होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही रजिस्ट्री ऑफिसला गेलो. बाहेर बसलेल्या दस्त लिहिणाऱ्यानं भाऊ-बहीण एकत्र पाहिले आणि काही न विचारता हक्कसोडपत्र टाइप करायला घेतलं. त्याच्याकडे येणाऱ्या बहिणी हक्क सोडायलाच येत. अर्धं पान झाल्यावर वडिलांनी वाकून वाचलं.

"सोडत नाही ती," ते चिडून म्हणाले. "घेतेय. वाटणीपत्र लिहा."

त्यानं कागद काढला आणि आत्याकडे एकदा नीट पाहिलं. आत्यानं पदर सावरला. सही करताना तिनं आधी माहेरचं आडनाव लिहिलं, ते खोडून सासरचं लिहावं लागलं.

आमच्या गल्लीत बहिणी असलेल्या दोन भावांनी पेपर बंद केला. संपादकांनी काही दिवस ग्राहक मंचाबद्दल लिहा असं सुचवलं. इकडे आत्यानं खोलीत चूल मांडली आणि कोचिंगची पोरं तिच्या भाकरी-ठेच्यासाठी पुस्तकं घेऊन तिथंच बसायला लागली. मिरच्या भाजल्या की धूर थेट वडिलांच्या खिडकीत. शेजारच्या मालकाला धुराचा त्रास देता येतो का, यावर एखादा निकाल शोध, असं त्यांनी मला सांगितलं. हे प्रकरण मी घेणार नाही, दुसरा वकील बघा, असं मी म्हटलं. ते खोकत खोकत उठले आणि ताट घेऊन पत्र्याच्या खोलीकडे गेले.